कंपनीच्या साहेबाचा सत्कार

(१९८५. पुलगाव, स्टेशन रोडवरची चंद्रभान ठाकरे यांची मोटारसायकलची एजन्सी. दुपारचे तीन. दुकानाचा मेकॅनिक प्रेमदास समुद्रपूरचं काम करून नुकताच बसमधून उतरून आला आहे. चंद्रभान काउंटरमागे बसलेले. त्यांची बायको मंदाबाई सतरंजी घडी करते आहे.)

मंदाबाई : …अन् हार गळ्यात तसाच ठेवून त्यानं खिशातून कागद काढला.

प्रेमदास : कोनता कागद?

मंदाबाई : एजन्सी बंद कराचा. थांब, तुले पयल्यापासून सांगतलं पाह्यजे, नाई तं तुह्या ध्यानात नाई येनार. सकाळी दहाले मोटार आली. टायवाला साहेब उतरला अन् पयले त्यानं आपल्या बुटाकडं पाह्यलं, पुलगावची धूळ लागली का म्हनून. यायनं रोडवर शंभरेक मानूस गोळा करून ठेवलं होतं. मिलचे जॉबर, मिलटरीच्या डेपोतले दोन सुभेदार, नगरपालिकेचे चारदोन रिकामे. बँडसुद्धा. शाल झाली, नारळ झाला. फोटोवाला म्हने, साहेब, गाडीवर बसा. मोटारसायकलच्या कंपनीचा साहेब तो, त्याले गाडी स्टँडवरून उतरवता येईना. गाडी कलंडली, तिच्यासंग तोही कलंडला. सुभेदारायनं बखोट्याले धरून उभा केला.

प्रेमदास : गाडीले काय झालं?

मंदाबाई : क्लचची दांडी वाकली. साहेबाचं काई वाकडं नाई झालं. मंग भाषन. हिंदीत. म्हने, आप सब हमारा परिवार है. परिवार म्हनल्यावर लोकायनं टाळ्या पिटल्या. चहा-चिवडा खाऊन लोक पांगले, तवा आतल्या खोलीत बसून त्यानं आमाले समजावून सांगतलं, का कंपनी आता नवी होऊन राह्यली. जपानच्या लोकायसंग शंभर सीसीची गाडी काढून राह्यली. त्या गाडीले काचेचं शोरूम लागते, खाली टाइल लागते, अन् टेबलावर पोरगी लागते इंग्रजी बोलनारी. लहान गावच्या बावीस एजन्स्या बंद. नागपूर तेवढं राहील. पाच वाजता बोर्ड उतरवाले मानसं येतेत. तवालोक तो रेस्ट हाऊसवर झोपला हाय. आपल्या घरची पाटोडी जेवून.

प्रेमदास : काचेचं शोरूम. या रोडनं कापसाचे ट्रक जातेत, महिनाभरही नाई टिकनार त्याची काच.

मंदाबाई : त्याले काय करनं हाय? इथं थोडीच ठेवतो तो काच.

प्रेमदास : तिहत्तर साली बुकिंगचा नंबर घेऊन लोक दोन-दोन वर्सं थांबत होते. तवा याच कंपनीले पुलगाव लहान नाई वाटलं. गाडीत तेल गळते म्हनून मी कंपनीले सतरा पत्रं लिहून धाडली या भाऊच्या नावानं, एकाचा जवाब नाई आला. अन् आता टाय लावून आले.

चंद्रभान : कंपनीच्याही काही अडचणी असतात, प्रेमदास. स्पर्धा वाढली आहे.

मंदाबाई : अन् हे असं शुद्ध बोलनं आता सोडा. कंपनीवाला झोपला हाय. घरात कोनाले आयकवता?

प्रेमदास : पन असं कसं बंद करतील, भाऊ? करारनामा सत्त्याऐंशीच्या मार्चपर्यंत हाय. तुमीच मले वाचून दाखवला होता. एजन्सीवाल्याच्या सहीबिगर मधातच बंद करता येत नाई, असं लिहेल हाय त्यात.

चंद्रभान : लिहिलेलं आहे.

प्रेमदास : मंग सही देऊ नोका. साधी गोष्ट हाय. म्हना, झोप झाली असंल तं नागपूरले जा. पावने दोन वर्सं भेटतेत आपल्याले.

मंदाबाई : मीही हेच म्हनून राह्यली जेवनापासून. हे भिंतीकडं पाहून राह्यले.

प्रेमदास : भाऊ, तुमी माहं एवढं देनं लागता. एकोनऐंशीत डेपोत फिटरची जागा निघाली होती. सरकारी, पेन्शनची. मी अर्ज लिहून तयार होतो. तुमी म्हनले, जाऊ नोको, कंपनी आपली हाय, अन् कंपनी नसली तरी मी हाय. मी अर्ज फाडला. आता बेचाळीसचा झालो. डेपोवाले उभं नाई करत. कंपनीचे पार्ट बंद झाले का मी झाडाखाली बसून पंक्चरच काढाचे.

चंद्रभान : तसं काही होणार नाही.

प्रेमदास : काऊन नाई होनार? अन् आनखी एक. समुद्रपूरच्या त्या गाडीले काईच झालं नव्हतं. प्लग काळा पडलता. फडक्यानं पुसला, झाली चालू. तेवढ्यासाठी दोन बसा बदलून, एक रात मुक्काम करून मले कायले पाठवलं? साहेब येनार हाय हे तुमाले मालूम होतं, बँड सांगून ठेवलता.

मंदाबाई : बोला नं. आता मलेही आयकाचं हाय.

चंद्रभान : सही झाली आहे.

मंदाबाई : कवा? त्यानं कागद काढला तवा मी समोर होती. पेन तं कोनी हातातही नाई घेतला.

चंद्रभान : मागच्या मंगळवारी. नागपूरला. पार्ट आणायला गेलो होतो ना, ते पार्ट नव्हते. बोलावणं होतं. सकाळचा कागद त्याचीच नक्कल आहे.

प्रेमदास : धमकी देली काय त्यायनं?

चंद्रभान : नाही रे. बारा वर्षं त्या ऑफिसात जातो आहे. दरवेळी बाहेरच्या बाकावर बसवतात. चपराशी दरवेळी नाव विचारतो, जसा पहिल्यांदाच आलो. मंगळवारी साहेब स्वतः दारापर्यंत आले. आइए चंद्रभानजी, म्हणाले. खुर्ची दिली. कपबशीतला चहा दिला. टेबलावरचा पंखा माझ्याकडे फिरवला. मग कागद ठेवला, आणि म्हणाले, घाई नाही, विचार करा. मी म्हटलं, सही करतो, पण एकदा पुलगावला या. कंपनीचं कोणीच कधी आलं नाही. लोक तोंडावर विचारतात, तुझी एजन्सी खरी आहे की बोर्ड रंगवून घेतला. चारचौघांत एकदा हार घ्या, कंपनीचा माणूस म्हणून माझं नाव घ्या. मग न्या बोर्ड.

मंदाबाई : अन् तो तयार झाला.

चंद्रभान : लगेच. तारीखही त्यांनीच दिली.

मंदाबाई : नाई तं काय! एका हारात एजन्सी भेटली त्याले. म्हनजे सकाळी तुमी डोक्याले हात लावून बसले होते, ते माह्यासाठी नाटक होतं?

चंद्रभान : तुला कसं सांगावं, ते समजत नव्हतं.

मंदाबाई : मी त्याले तिसऱ्यांदा रस्सा वाढून राह्यली होती अन् मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या काढून राह्यली होती. वाया गेल्या माह्या शिव्या. त्याच्या बाजूच्याच पाटावर बसले होते ज्याले द्याच्या ते.

चंद्रभान : तो माणूस वाईट नाही, मंदा. त्यानं शब्द पाळला.

मंदाबाई : शब्द पाळला म्हने. तुमच्याकडं पंखा फिरवला का तुमी घरही लिहून देसान. एकवीस वर्सं झाली लग्नाले, मी रोज तुमच्या ताटावर वारा घालतो, मले तुमी काय लिहून देलं? लाज वाटते मले तुमची. खरंच वाटते.

प्रेमदास : अन् मले समुद्रपूरले मुद्दाम पाठवलं.

चंद्रभान : तू इथं असतास तर करारनामा काढला असतास. चारचौघांत.

प्रेमदास : काढलाच असता.

चंद्रभान : म्हणून.

प्रेमदास : ठीक हाय. तुमी एक मागतलं, ते त्यानं देलं. त्याले सही पाह्यजे होती, दुसरं मागतलं असतं तं तेही देलं असतं. नागपूरच्या शोरूमले मेकॅनिक लागतेच नं?

चंद्रभान : लागतो. दोन लागतात.

प्रेमदास : मंग त्या खुर्चीवर बसल्या बसल्या माही आठवन आली होती का तुमाले, भाऊ?

चंद्रभान : खोटं नाई बोलत, प्रेमदास. नाई आली.