कोचला खांदा देणारे चौघे

जय भीम. सगळ्यांना जय भीम.

बसा, बसा. पंख्याचं वारं मागे पोचत नाही, मला दिसतंय. फार वेळ घेणार नाही. मला असं उभं राहून बोलायची सवय नाही. मी वैशाली. उल्हासनगर कॅम्प पाचला माझं टायपिंगचं दुकान आहे. आज ज्यांच्या जलदानविधीला आपण जमलोय, त्या काकांना तुमच्यातले बरेच जण एमआयडीसीतले गायकवाड साहेब म्हणून ओळखतात, काही जण या विहारातले म्हणून. माझी ओळख तिसरीच आहे. ती सांगायची मला भीती वाटते.

रिटायर झाल्यावर काका इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातले मराठी लेख तपासायचे. फुकट. माझ्यासारखे काही जण लिहायचे, ते तपासायचे, आणि पास केला की त्यांचं नाव तिथे नोंदलं जायचं. अंबरनाथच्या कारखान्यात आयुष्यभर जॉब, म्हणजे मशीनवर बनलेले भाग, तपासले त्यांनी. स्वतः माप घेतल्याशिवाय ओकेची सही नाही. सुपरवायझर ओरडला तरी नाही. लेखांनाही तोच कायदा. पुस्तकाचं पान दाखव, पेपरचं कात्रण दाखव. नाही? मग रिजेक्ट.

मागे मी एका अमेरिकन फुटबॉल कोचवर लेख लिहिला. खूप जुन्या काळातला माणूस. एका छोट्या कॉलेजच्या टीमला एकच हंगाम शिकवलं आणि गायब झाला. काकांचा पहिला शेरा आला, "फुटबॉल हातात धरून का पळतात? खुलासा करावा." हसा, हसा. मीही हसले होते. मग काका बसले आणि अख्खा खेळ शिकले. तो अंड्यासारखा बॉल, त्याचं चित्र काढून नातीला समजावलं. कोचचं प्रत्येक कात्रण स्वतः उघडून पाहिलं.

पण लेख शेवटी तुटत होता. माणूस कुठे मेला, कसा मेला, काहीच नाही. मला ते बघवेना. म्हणून मी एक वाक्य टाकलं. 'त्यांच्या अंत्ययात्रेला फक्त चार माणसे होती.'

मी ते बनवलं होतं. इथे, काकांच्या फोटोसमोर सांगते, मी ते मनाने बनवलं होतं.

काकांनी विचारलं, "चार कुणी मोजली गं?" मी म्हटलं, जुन्या पेपरात होतं, आता ते पान उघडत नाही. असं धडधडीत खोटं. मग म्हणाले, "तू वाचलंस ना स्वतः? मग झालं." आणि पास केलं. माप न घेता. काकी, त्यांनी असं आणखी कधी केलं होतं का? मला नाही वाटत.

तिथे संपलं असतं तर मी गप्प बसले असते. पण ती चार माणसं काकांच्या मनात जाऊन बसली. भेटले की विचारायचे, "त्या चौघांचा काही पत्ता?" फोनवर तेच. एकदा म्हणाले, त्यातला एक तरी त्याचा खेळाडू असणार बघ. शेवटी मी हॉस्पिटलमध्ये दुपारी त्यांना भेटायला गेले. नाकात नळी, आवाज जेमतेम फुटत होता. खुणेने जवळ बोलावलं. "चौघांची नावं मिळाली?" मी म्हटलं, शोधते काका. म्हणाले, "शोध. एकट्या माणसाला खांदा दिला त्यांनी. नावं राहायला पाहिजेत."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात नर्स आली, भेटायची वेळ संपली म्हणाली, आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज वाटते.

दोन दिवसांनी काका गेले. बदलापूरच्या स्मशानात केवढी गर्दी होती, तुम्ही सगळे होतात. पण खांदा बदलताना मला पुढे दुसरेच चौघे दिसत होते. काळे कोट, डोक्यावर हॅट. चेहरे नाहीत, कारण चेहरे मी त्यांना दिलेच नव्हते. तेव्हापासून ते जात नाहीत. दुकानात कॉम्प्युटर चालू केला की काउंटरपलीकडे उभे असतात. गिऱ्हाईक बोलतं आणि मला ऐकू येत नाही.

काल काकींना सगळं सांगितलं. वाटलं, म्हणतील राहू दे, त्यांचा जीव जडला होता त्या माणसांवर. अमेरिकेतून कोण बघायला येतंय? काकी आजच्या जलदानविधीसाठी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सही त्यांची आहे, पोरी."

एवढंच बोलल्या.

आज सकाळी इथे यायच्या आधी मी लेखातून ते वाक्य काढलं. तिथे बदलाचं कारण द्यावं लागतं. लिहिलं, 'हे मी रचलेलं खोटं आहे. तपासणाऱ्याने माझ्यावर विश्वास ठेवला, त्याची चूक नाही.' पुढे माझं पूर्ण नाव.

काका, तुम्ही ज्यांना शोधत होतात ते कुणी नव्हतेच. त्या कोचला कुणी खांदा दिला, दिला की नाही, मला माहीत नाही. हे तुमच्या कानात सांगायचं होतं. आता माईकवर सांगतेय.

आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहूया. काका, माफ करा मला. जय भीम.