टेशाला परवाना लागत नाही!

...आणि टेशाला? टेशाला काही लागत नाही! तुम्हाला सांगतो, अख्ख्या मोशीत लग्नाचं शूटिंग करणारे आम्ही दोघंच, तो आणि मी, पण घड्याळाच्या चौकात कॅमेरा लावायचा तर परवाना मलाच! तीन आठवडे खेटे घातले हो. पहिल्या टेबलावरची बाई म्हणते, "भाऊ, फोटो की सिनेमा?" म्हटलं, लग्न. "लग्नाचा रकाना नाही!" दुसऱ्या टेबलावरचे साहेब चष्म्यावरून बघतात, "कॅमेऱ्याची तिपाई जमिनीला टेकणार?" अहो, टेकणार नाही तर काय डोक्यावर घेऊन नाचू? "टेकणार ना? मग परवाना!"

आणि टेशाला? नाही! का, तर तो वरातीतल्या पुढच्या गाडीच्या मागच्या फळीवर उलटा बसून मागच्या गाडीतली नवरी टिपतो. त्याचं जमिनीला काही टेकतच नाही, बूडसुद्धा अर्धं हवेत! आणि मेल्याचं काम... सांगू नये, पण झकास असतं. जळतो मी. जळू नको तर काय करू?

तर मासावेंच्या थोरलीचं लग्न. नवरीच्या आत्याबाईंनी आम्हा दोघांनाही बोलावलं, "ज्याची फिल्म सरस, त्याला धाकटीचं लग्न!" मी चौकाच्या मधोमध, तिपाई टेकवून, परवाना खिशात. वरात आली, टेम्पोत उभे बँडवाले गाल फुगवून कर्णे फुंकतायत, इथल्या रिवाजाप्रमाणे चौकाला फेऱ्या सुरू... आणि पहिल्याच फेरीला शिपाई! "परवाना?" दिला. दुसऱ्या फेरीला त्यानं तो वाचला. तिसरीला उलटा धरून वाचला. चौथीला, "शिक्का निळा कसा?" मी हिसकावला, डोक्यावर नाचवला, बोंबललो... तोवर वरात गेली जेवायला! माझ्या फिल्ममध्ये काय? शिपायाची पाठ. सलग अकरा मिनिटं!

आणि टेशाच्या? टेशाच्या फिल्ममध्ये मी! दर फेरीला नवरीच्या खांद्यामागे मी, आधी शिपायाशी हुज्जत घालत, शेवटी कागद नाचवत, तोंड वासून. ती बघताना मासावेंचं सगळं घर हसून लोळलं, आजोबांच्या नाकातून केळ्याची दारू आली! आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या, "धाकटीच्या लग्नाला तुम्ही हवेतच!" छाती अशी फुगली हो... "शूटिंग टेशा करील. तुम्ही नुसतं चौकात उभं राहायचं. अस्संच!"

गेलो पुन्हा कचेरीत. साहेब चष्म्यावरून बघतात, "चित्रात दिसणार? मग वेगळा अर्ज."

म्हटलं, "आणि टेशाला?"

"त्याला कशाला? तो कुठे दिसतो!"