आकडे बघायचे, अक्षरं नाही

शिवणाऱ्यानं वाचायचं नाही! आकडे बघायचे, अक्षरं नाही... आमच्या बाइंडिंगच्या दुकानातला हा नियम पणजोबांपासूनचा. त्यावर 'का' विचारायचं नाही. तुम्हाला सांगते, मी पदवी घेऊन दुकानात बसायला गेले, तर माझ्या आधी तो नियमच खुर्चीत बसलेला!

तर लायब्ररीतून एक कादंबरी आली दुरुस्तीला. शिवण उसवलेली, पानं सुटी. वरचं पान अठ्ठ्याऐंशी, मग बारा, मग दोनशे तीन... म्हटलं हे काय, आणि वाचायला लागले. अडकलेच की! अठ्ठ्याऐंशीवर एक म्हातारी दाराची कडी काढते, आणि बारावर त्याच दारातून तीच आत येते, सात वर्षांची, दप्तर घेऊन! पहिल्यांदा सगळं डोक्यावरून गेलं, दुसऱ्यांदा निम्मं गेलं, तिसऱ्यांदा मी चहा समजून खळीच्या वाटीत बिस्कीट बुडवलं, इतकी रंगले! लेखकानं मुद्दामच उलटसुलट ठेवलेला पानांचा तो क्रम तोंडपाठ झाला. एवढे कष्ट कशाला म्हणता? अहो, कोडं सोडवणाऱ्याला कोणी कष्टाळू म्हणतं का?

मी जेवायला घरी गेले, आणि तेवढ्यात काकांनी... एक, दोन, तीन, चार... अख्खी कादंबरी सरळ लावून ठेवली! वर बाबांना ऐटीत सांगतात, छापणाऱ्यानं घोळ घातला होता, निस्तरला. बाबा मला म्हणतात, घे शिवायला, चारला लायब्ररीचा माणूस येतोय. म्हणजे माझी म्हातारी आता नवव्या पानावर मरणार आणि बाराव्यावर शाळेतून घरी येणार! काकांना पत्ताच नाही. कसा असेल? आकडे बघायचे, अक्षरं नाही!

मी सुई टेबलावर ठेवली.

"नाही शिवणार."

काकांनी पणजोबांना मध्ये आणलं. म्हटलं, "काका, घोळ छापणाऱ्यानं नाही, तुम्ही घातलाय. मी वाचलंय हे." आणि पहिली आठ पानं मूळ क्रमानं लावून त्यांच्यापुढे सरकवली. "यातलं एक पान हलवून दाखवा, मग शिवते."

काकांनी चष्मा चढवला. बाबा त्यांच्या खांद्यावरून डोकावले. आणि दोघं वाचायला लागले! पाच मिनिटं... दहा मिनिटं... मग काकांनी मान वर न करता नुसता हात पुढे केला. पुढच्या पानासाठी!

जिंकले ना? जिंकलेच! चारला लायब्ररीचा माणूस आला, तर दोघांनी न बघताच त्याला 'उद्या' म्हणून खुणावलं. तेव्हापासून दुकानात दोघं अक्षरं बघतात... आणि ढीगभर कामाचे आकडे? ते बघतेय मी!