फायबरची नाव

लोह्याच्या बसमध्ये माझ्या लेकीच्या डब्याचं झाकण खणकन पडलं; ते उचलायला वाकले, तर पुढच्या सीटवरच्या दीर-भावजयीचं बोलणं कानावर आलं.

“वहिनी, तड्यांवर रंग मारू अन् नाव इकून टाकू. दादाच न्हाई राहिला, धरणावर मासे धरायला कोण जाईल?”

“मी जाईन. आधी तडे घासून उघडे करीन, आत मुरलेलं पाणी उन्हात वाळू देईन, जेलकोटचा लेप भरीन. मग रंग.”

“फायबरची नाव म्हंजे काय चूल हाय, सारवायला?”

“चुलीचा तडाबी आधी उकरावाच लागतो, भावजी.”

“लोक हसतील.”

“हसू द्या. तडे झाकून इकली अन् दुसरीचा नवरा बुडाला, मग?”

“अन् तुमाला न्हाई जमलं तर?”

“पुन्हा घासीन. नाव माझी हाय.”

लेकीनं हळूच माझी हनुवटी स्वतःकडं वळवली.

“आई, तू घरी असं का बोलत न्हाईस?”