दिवाळीचा बॅकअप

बिदरच्या बसस्टँडवर सुभद्राबाई कमठाण्याच्या बसची वाट बघत बसली होती. दुसऱ्याचं ऐकायची तिला खोड नव्हती, पण पाठीमागच्या बाकड्यावरचे बहीणभाऊ मोठ्यानं बोलत होते.

"शिवराज, आपल्या समाजाची वधूवरांची वेबसाइट बंद कामून पडलती? लोक मला फोन करायलेत."

"काल अपडेट मारलो, अक्का. सगळी पांढरी पडली. मग क्लाउडवर दिवाळीचा बॅकअप होता, तो घातलो. सकाळधरनं चालू हाय."

"म्हंजे दिवाळीला जी स्थळं होती, ती सगळी परत आली?"

"व्हय. एक बी गेलं न्हाई."

"मग संक्रांतीला जिचं नाव काढायला लावलते, ती?"

"कंची?"

"सोयरीक मोडलेला पोरगा जिचा जीव घेतो म्हनत हिंडायलाय, ती. मावशीकडं लपून राहायलीय बिचारी."





"ती बी आली आसंल, अक्का. फोटो, नंबर, संपर्काला दिलता तो मावशीचा पत्ता."

"काढ आत्ताच्या आत्ता."

"पासवर्ड घरच्या कॉम्प्युटरात हाय."

सुभद्राबाईच्या मांडीवरची पिशवी खाली घसरली. ती तिनं उचलली नाही. लगेच फोन लावला.

"रेणुका, दाराला कडी हाय का?"

"न्हाई मावशी. कामून?"

"लाव आधी."

"थांब की. पार्सलवाला गल्ली विचारायला फोन केलता, सांगितले मी. आला वाटतं, दार वाजवायलाय."