मृणालताईंच्या आवाजात

—नाही म्हटलं ना यज्ञेश, तरी तू ते रेकॉर्डिंगचं मशीन टेबलावर मांडतोच आहेस. मांड बाबा. अंधेरीहून इथे मुलुंडला येईपर्यंत जीव गेला असेल तुझा, आधी पाणी पी. पण औषध मारायला सांगणारं ते वाक्य मी बोलणार नाही, हे गंधालीला कळव — नको, कळवू नकोस, तिला ठाऊक आहे, म्हणून तर स्वतः आली नाही. तुला पाठवलं. दोन पोरांचा बाप झालास तरी मॅडमना कधी उलटून बोलला नाहीस — बरोबर हेरलं तिनं.

तू काचेपलीकडे हेडफोन लावून बसायचास, तुला वाटत असेल बाई रोज तेच तेच बोलते. हो, तेच बोलायचे. कपाशीवर अळी दिसली की शेतकरी घाबरतो, पंप पाठीवर घेतो. आम्ही गावोगाव फिरून हिशेब मांडला होता — अळी खाणार किती, औषध पडणार केवढ्याला — आणि निघालं काय, तर बऱ्याचदा पहिली फवारणी अळीपेक्षा महाग पडते. वर अळी खाणारे किडेही मरतात, ते वेगळंच. म्हणून मी हेल्पलाइनवरून शेतकऱ्यांना फोनवर सांगायचे, घाई नको, आधी शेतात फिरून या, सापळ्यात पतंग किती अडकलेत ते बघा. बस, एवढंच. पण त्या एवढ्याशामागे माझी उमेदीची सगळी वर्षं गेलीत रे. आणि लोक ऐकायचे. शेजारचा औषध मारतोय हे डोळ्यांना दिसत असताना हात आवरायला काय लागतं, तुला कल्पना आहे? नसणार, तू कांदिवलीचा. मी तरी कुठली, इथलीच. पण ते माझ्या भरवशावर राहायचे.

आणि मग काय, औषध कंपनीनं आपली हेल्पलाइन घेतली, अभ्यासाचा विभाग बंद, मला एक गुच्छ आणि शाल. माझ्या खुर्चीत गंधाली. माझ्याच हाताखाली शिकलेली. तिला तो हिशेब कळत नाही असं थोडंच आहे — कळतो, पाठ आहे तिला, आणि तरी करतेय. जळतं ना माझं. तुला काय लपवू, जळतं.

मी आता ऐकत नाही असं कोण म्हणालं तुला? रोज सकाळी चहा उकळत ठेवला की हेल्पलाइन लावते. शेतकरी म्हणून खोटं नाव नोंदवलंय, मालनबाई, कापूस, कोरडवाहू — हसतोस काय? माझी जुनी रेकॉर्डिंग लावतात ना अधूनमधून, हवामानाची वगैरे, तेवढाच आपला आवाज कानावर पडतो. ह्यांनाही माहीत नाही हे. तुला तरी का सांगितलं कोण जाणे.

म्हणून तर परवाचा तो फवारणीचा संदेशही ऐकला, गंधालीचा. लोकांनी अर्ध्यात फोन कापले म्हणतोस? कापणारच. बातम्या वाचल्यासारखं वाचलंय बाईनं. अरे, शेतकऱ्याला हुकूम सोडलेला चालत नाही. बांधावर त्याच्याशेजारी बसल्यासारखं बोलायचं, आवाज खाली आणायचा, 'दादा' म्हटल्यावर जरा दम खायचा — इतकी वर्षं माझ्याजवळ बसून तेवढंही उचललं नाही तिनं. दे तो कागद इकडे. शब्द तेच ठेव, काही बदलू नकोस, फक्त म्हणायचं कसं ते ऐक — 'दादा… मी मृणालताई बोलतेय. या वेळी वाट बघू नका. अळी दिसो न दिसो, आजच फवारून घ्या.' — कळला फरक? ह्याला म्हणतात बोलणं. सात जन्म घेतले तरी तिला —

वायर का गुंडाळतोयस? चहा टाकलाय मी, आलं घालून. यज्ञेश. माझ्याकडे बघ. चालू होतं ते?

पूस. आत्ता, माझ्यासमोर पूस. अरे, गावात कोणाला कळणार आहे मी तुला नुसतं बोलून दाखवत होते म्हणून? ते उठतील आणि मारतील औषध. बॅग खाली ठेव — लिफ्टचं बटण कसलं दाबतोस, यज्ञेश, मी तुझ्याशी बोलतेय —