जाळी काढणारा

फिजिओथेरपीच्या बाकावर खांदा चोळत बसलेल्या शिंप्याने कान टवकारले. शेजारच्या बाईच्या उजव्या हाताला दोनच बोटं होती आणि ती धाकट्या बहिणीवर कडाडत होती.

"चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, प्रभूनं माझं पाप धुतलं! बोटं माझी गेली, आणि माफी परस्पर देवाकडून?"

"फोरमन ना? मशीनची संरक्षक जाळी काढणारा?"

"तोच. काम लवकर उरकावं म्हणून स्वतः काढली आणि चौकशीत नाव माझं घेतलं. चार वर्षं मी निष्काळजी!"

"सुनावलंस की नाही?"

"सुनावलं! म्हटलं, देवाला ठाऊकच होतं रे, कंपनीला सांग."

"मग?"

"मेल्यानं सांगितलं. लेखी दिलं. नोकरी गेली त्याची."

"मग आता कशाला चिडतेस, ताई?"

"चिडू नको तर काय करू? चार वर्षं या रागावर जगले मी! तोही काढून घेतला."

"आहे कुठे तो?"

"खाली फाटकाशी. माफी मागायला आलाय, पण वर यायची हिंमत नाही."

आतून तिचा नंबर पुकारला. उठता उठता ती खेकसली,

"जा, बोलाव त्याला वर. देवानं माफ केलंय ना? मग उन्हात कशाला उभा आहे?"